जुनं शाईपेन पुन्हा लिहितं करताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कपाटात चाळीस वर्षं निवांत पडलेलं पेन सापडल्यावर पहिल्या तासाभरात मोडतं, हे इतक्या वेळा पाहिलंय की हा लेख लिहायलाच हवा होता. सोलापुरात जुनी घरं रिकामी होतात, चाटी गल्लीतल्या एखाद्या पेढीचं जुनं टेबल विकायला निघतं, गिरणीत कारकून असलेल्या आजोबांची ट्रंक उघडते आणि त्यातून पेन निघतं. मग कुणी ते उकळत्या पाण्यात टाकतं, कुणी पकडीने पिरगाळतं, कुणी ब्रासोने घासतं. तिन्ही गोष्टी प्रेमापोटी होतात आणि तिन्हींचं नुकसान भरून येत नाही.

या कामाचा क्रम साधा आहे. आधी ओळख, मग थंड पाणी, मग वेळ, गरज पडली तर थोडी ऊब, त्यानंतर रबर आणि निब, आणि चमक सर्वांत शेवटी. हा क्रम मनाने ठरवलेला नाही. ज्या पायरीवर केलेली चूक परत फिरवता येत नाही, ती मागे ढकलली की हाच क्रम उरतो. सापडलेल्या बऱ्याचशा पेनांचं काम दुसऱ्या टप्प्यावरच संपतं. पुढे जायची गरज नसेल तर जाऊ नका.

तयारी: सामान आणि जागा

लागणाऱ्या बहुतेक वस्तू गावातच मिळतात.

- घड्याळवाले डोळ्याला लावतात ते भिंग, साधारण दहापट मोठं दाखवणारं. याशिवाय निबेच्या कामाला हात घालू नका.
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत बोअरचं पाणी वापरात असतं. त्यातले क्षार वाळले की पांढरा थर धरतो आणि जिभेच्या (निबेखालचा, तिला शाई पोचवणारा भाग) बारीक खाचा बुजवतो. पहिली धुणी नळाच्या पाण्याने चालतील, शेवटची धुणी मात्र डिस्टिल्डनेच करा.
- सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. घट्ट पकडीसाठी यांच्यासारखं दुसरं काही नाही.
- रबरी पिचकारी, मऊ टूथब्रश, टिश्यू, केस वाळवायचा ड्रायर.
- लाखदाणा आणि स्पिरिट. फर्निचर पॉलिशचं सामान ठेवणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतं. छोट्या काचेच्या बाटलीत लाखदाणा बुडेल इतकं स्पिरिट घालून रात्रभर ठेवा. पाकासारखं दाट झालं की तयार. हे स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही असतं, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.
- शुद्ध सिलिकॉन ग्रीस. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारे रबरी रिंगांना लावतात ते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितलं तर पांढरी हीट सिंक पेस्ट हातात ठेवतात. तिच्यात झिंक ऑक्साइडची पूड असते, ती पेनाला चालत नाही. व्हॅसलिनही नको, ते रबर सडवतं.
- सुगंध नसलेली टाल्क पावडर. टायरच्या दुकानात ती फ्रेंच चॉक या नावाने मिळते.

फेविक्विक आणि अॅराल्डाइट कामाच्या टेबलावर ठेवूच नका. समोर असले की हात तिकडे जातो.

बसायची जागा उजेडाची हवी, पण उन्हाची नको. खाली पांढरं कापड अंथरा. यंत्रमाग असलेल्या भागात राहत असाल तर पंखा बंद ठेवा, कारण हवेतला सुताचा एक तंतू निबेच्या फटीत अडकला तरी ओळ फराटते.

टप्पा १: पेन ओळखा, उघडू नका

पहिला प्रश्न, पेन कशाचं आहे? बॅरल (पेनाची मागची नळी) अंगठ्याने जोरात चोळून लगेच नाकाशी न्या. गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. काहीच वास आला नाही तर बहुधा प्लास्टिक. पण जुन्या ब्रिटिश पेनांत केसीन नावाचा दुधापासून केलेला पदार्थही वापरला जाई. तो पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. शंका असेल तर बॅरल पाण्यात बुडवायचं नाही. तापवलेली सुई टोचून ओळखायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं.

दुसरा प्रश्न, शाई कशी भरतात? इकडच्या घरांत सर्वांत जास्त सापडतात ती ड्रॉपरने शाई भरायची देशी एबोनाइट पेनं. त्यांत रबर नाही, पिस्टन नाही, बॅरल हीच टाकी. ती दुरुस्तीला सर्वांत सोपी आणि शिकायला सर्वांत चांगली. बॅरलच्या कडेला उचलायची दांडी असेल तर ते लिव्हरचं पेन, आत रबरी सॅक, म्हणजे शाई साठवणारी पिशवी असते. शेपटीकडचं छोटं टोपण काढल्यावर दाबायचं बटन दिसलं तर तेही सॅकचंच. शेपूट फिरवल्यावर आत काही सरकत असेल तर पिस्टन. हिरो किंवा पार्कर ५१ सारख्या पेनांत निब झाकलेली असते आणि बॅरल काढल्यावर धातूच्या आवरणात दाबायची पट्टी दिसते.

पार्कर ५१ बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. हे पेन १९४१ सालचं, पण दाबपट्टीची रचना त्यात १९४८ पासून आली. त्या पट्टीखालची पारदर्शक सॅक लॅटेक्सची नसते आणि बहुतेक वेळा आजही शाबूत असते. ती ‘जुनी झाली’ म्हणून बदलायला जाऊ नका, नुसती धुवा. त्याआधीच्या ५१ मध्ये आणि व्हॅक्युमॅटिक पेनांत शेपटीला पंप असतो. तो उघडायला खास हत्यार लागतं, ते पेन जाणकाराकडेच द्या.

*तपासा:* भिंगातून टोपणाची कड, बॅरलचं तोंड आणि निबेच्या फटीचा वरचा शेवट पाहा. केसाएवढी चीर इथेच असते. चीर दिसली तर पेन फक्त धुवायचं, उघडायचं नाही. आणि हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. निब जिभेवर किती पुढे बसली आहे, याचा फोटो तर हवाच.

टप्पा २: थंड पाण्यात धुणी

बहुतेक जण घाई इथेच करतात. वाळलेली शाई पाण्यात विरघळते, पण तिला तिचा वेळ लागतो.

फक्त निब आणि सेक्शन (ज्या भागाला बोटं धरतात तो) बुडेल इतकंच पाणी पेल्यात घ्या आणि पेन उभं ठेवा. पाणी निळं झालं की बदला. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडाभर. संपूर्ण पेन बुडवायचं नाही. लिव्हरच्या पेनात पाणी शिरलं की आतली पोलादी दाबपट्टी गंजते आणि काळं एबोनाइट पाण्यात जास्त राहिलं की तपकिरी पडतं. त्यामुळे एबोनाइटचं सेक्शन असेल तर दोन-तीन तास भिजवा, काढून पुसा, पुन्हा भिजवा.

सावधान: ‘थंड’ म्हणजे खरोखर थंड. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं, आणि तेवढी उष्णता एबोनाइटचा रंग घालवायला पुरते. त्या दिवसांत माठातलं पाणी घ्या.

नुसत्या पाण्याने भागत नसेल तर अमोनिया. केमिकलच्या दुकानात मिळणारा तीव्र अमोनिया साधारण २५ टक्क्यांचा असतो. त्याचा एक भाग पन्नास भाग पाण्यात घाला आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. ब्लीचिंगच्या जवळपास ही बाटली नको, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो. या पाण्यात सेक्शन अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. अॅल्युमिनियमचे आणि पितळेचे भाग यापासून लांब ठेवा. नंतर साध्या पाण्याने पाच-सहा वेळा धुवा.

पिस्टनचं पेन असेल तर कोरडा पिस्टन फिरवायचा प्रयत्न करू नका. निबेकडून पाणी आत झिरपू द्या, रात्रभर ठेवा, मग बोटांच्या जोराने पाव फेरा. फिरला नाही तर आणखी एक रात्र.

*तपासा:* पेन टिश्यूवर निब टेकवून उभं करा. डाग फिका निळा आणि सर्व बाजूंनी सारखा पसरला तर आतला मार्ग मोकळा आहे. गडद ठिपका येत राहिला तर धुणी चालूच ठेवा.

आता निब नुसती शाईत बुडवून चार ओळी लिहून पाहा. हिरोचं किंवा दाबपट्टीचं पार्कर ५१ असेल आणि ओळ स्वच्छ येत असेल तर तिसरा आणि चौथा टप्पा वगळा. ड्रॉपरचं असेल तर शाई भरायला सेक्शन उघडावं लागतंच, चौथा टप्पा तेवढा वगळा.

टप्पा ३: उघडणं

देशी ड्रॉपर पेनाचं सेक्शन साध्या आट्यांवर असतं आणि वाळलेल्या शाईने चिकटलेलं असतं. एका हातात सेक्शन, दुसऱ्या हातात बॅरल, दोन्हीकडे ट्यूबचा तुकडा, आणि सावकाश पिळा. सरकत नसेल तर पुन्हा भिजवा. या पेनांना ऊब क्वचितच लागते.

लिव्हरच्या पेनाचं सेक्शन बहुतेक वेळा नुसतं घट्ट सरकवून, लाखेने बसवलेलं असतं. लाख उबेने सैल होते. ड्रायर हातभर अंतरावर धरा, पेन सतत फिरवत राहा, वीस-तीस सेकंदांनी थांबा आणि जोडाचा भाग मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. लागतंय पण भाजत नाही, इथे थांबायचं. मग सेक्शन हलकेच पिळून सरळ रेषेत ओढा. हललं नाही तर निवू द्या, पुन्हा उबवा. पाच-सात वेळा करावं लागलं तरी हरकत नाही. सैल व्हायला लागलं की तळव्याला एक बारीकसा ‘टक’ जाणवतो.

सावधान: गॅस, मेणबत्ती, काडी, उकळतं पाणी यांपैकी काहीही नाही. सेल्युलॉइड पेट घेतं, एबोनाइट वाकतं. ‘आपलं ऊनच पुरे’ म्हणून पेन गच्चीवर किंवा गाडीत ठेवणंही तितकंच वाईट, कारण तिथे उष्णतेवर आपला ताबा नसतो आणि ऊन एबोनाइटचा काळा रंग खातं.

सावधान: बॅरलचं तोंड मुठीत आवळू नका. तिथे भिंत सर्वांत पातळ असते आणि आत सेक्शन ठासलेलं असतं. बॅरल मधोमध धरा. डावी-उजवीकडे वाकवून सैल करायला गेलात तर चीर ठरलेली. दुरुस्तीला येणाऱ्या पेनांवर पकडीचे दात उमटलेले असतात, कधी माणसाचेही. ते ओरखडे कुठल्याच पॉलिशने जात नाहीत.

निब आणि जीभ वेगळी करायची वेळ फक्त तेव्हाच येते, जेव्हा धुण्याने मार्ग मोकळा होत नाही. वरून निब, खालून जीभ एकाच वेळी ट्यूबच्या तुकड्यात धरा आणि अगदी सरळ बाहेर ओढा. जीभ तिरकी ओढली की मुळाशी तुटते आणि जुन्या पेनाची तशीच जीभ पुन्हा मिळणं कठीण. सुटे झालेले भाग ओळखीच्या चष्मेवाल्याकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात दोन-तीन मिनिटं ठेवता आले तर उत्तम. फक्त निब आणि जीभ, अख्खं पेन नाही.

टप्पा ४: रबरी सॅक बदलणं

हा टप्पा लिव्हर आणि बटनाच्या पेनांसाठी. जुनी सॅक दोन अवस्थांत सापडते, खडखडीत कवच झालेली किंवा डांबरासारखी चिकट झालेली. आपल्या उन्हाळ्यात दुसरीच जास्त. बॅरलमध्ये चिकटलेले तुकडे लांब चिमट्याने आणि बोथट काडीने खरवडा. ते करताना आतली दाबपट्टी निसटू देऊ नका. सेक्शनच्या मागच्या गळ्यावरची जुनी लाख नखाने किंवा लाकडी काडीने साफ करा, चाकूने नाही. गळा तुटला तर सॅक बसवायला जागाच उरत नाही.

नवी सॅक मागवताना क्रमांक लागतो. हा क्रमांक म्हणजे सॅकची बाहेरची जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. सोळा क्रमांकाची सॅक म्हणजे पाव इंच, सुमारे ६.३५ मिलिमीटर. बॅरलचा आतला व्यास मोजा आणि त्यात सैलसर सरकेल अशी घ्या. मोठी घेतली म्हणजे शाई जास्त मावेल असा हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात ती भिंतीला घासते, पिळवटते आणि शाई भरतच नाही. डझनभर सॅक घेऊन ठेवू नका, लॅटेक्स इथे पडून कडक होतं. लागतील तेवढ्याच घ्या, हवाबंद डबीत अंधारात ठेवा.

लांबी मोजायला सॅक बॅरलच्या शेजारी धरा. बसवल्यावर तिचं टोक बॅरलच्या तळापासून तीनेक मिलिमीटर अलीकडे संपलं पाहिजे. धारदार कात्रीने एकाच फटक्यात कापा. गळ्याला लाखेचा पातळ हात द्या, सॅकचं तोंड चिमट्याने ताणून चढवा, सरळ करा. पाघळलेली लाख लगेच पुसा, कारण तिच्यातलं स्पिरिट सेल्युलॉइडला खातं. रात्रभर वाळू द्या. सकाळी सॅकवर टाल्क चोळा म्हणजे ती बॅरलमध्ये चिकटणार नाही.

लाखच का, असं विचारतात. पुढच्या वेळी हे पेन उघडणारा माणूस ऊब देऊन ती सोडवू शकतो. फेविक्विकने चिकटवलेला जोड मोडूनच निघतो.

*तपासा:* सेक्शन बॅरलमध्ये घालण्याआधी सॅक बोटांनी दाबून निब पाण्यात बुडवा आणि सोडा. फुगे येऊन सॅक भरली पाहिजे. जोडाशी पाणी झिरपलं तर लाख पुन्हा लावा. सगळं ठीक असेल तर लिव्हर खाली मिटलेली असताना सेक्शन सरकवा. सेक्शन घट्ट बसत असेल तर तिथे लाख नको, सैल असेल तरच एक पातळ रेघ.

टप्पा ५: निब आणि जीभ

कागदावर खरखर लागली की लोक थेट काचकागद घेतात. थांबा. जुन्या पेनात खरखर बहुतेक वेळा एकाच कारणाने असते, निबेची दोन पाती एका पातळीत नसतात. भिंगातून निबेचं टोक समोरून पाहा. एक पातं वर, एक खाली दिसलं तर वर असलेलं नखाने हळूच खाली दाबा, सोडा, पुन्हा पाहा. केसभर हालचाल पुरते.

मग निब उजेडासमोर धरा. दोन पात्यांमधून प्रकाशाची बारीक रेघ दिसावी, टोकाकडे आणखी बारीक होत जाणारी. रेघच दिसत नसेल तर शाई उतरणार नाही, तेव्हा ०.०५ मिलिमीटरची पितळी पत्ती फटीतून एक-दोनदा ओढा. दाढीच्या ब्लेडने हे करू नका, कडा कापल्या जातात. रेघ टोकाकडे रुंदावत असेल तर निब जोरात दाबून लिहिल्याने फाकलेली आहे. ते काम जाणत्या हाताचं.

जिभेच्या खाचा टूथब्रशने साफ करा. निब आणि जीभ यांच्यात फट दिसत असेल आणि जीभ एबोनाइटची असेल, तर संपूर्ण कामात गरम पाणी चालणारी ही एकमेव जागा. सुटी निब आणि जीभ एकत्र धरून, सेक्शनशिवाय, जवळजवळ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून जीभ निबेला दाबून धरा आणि तशीच गार होऊ द्या. प्लास्टिकच्या जिभेवर हे करायचं नाही. परत बसवताना पहिल्या टप्प्यातला फोटो समोर ठेवा.

पाती जुळली, फट बरोबर आहे आणि तरीही खरखर उरली, तरच १२००० ग्रेडचा मायक्रोमेश (अगदी बारीक घासायचं कापड) घ्या. पाण्याने ओला करा, पेनाच्या वजनापलीकडे जोर न देता इंग्रजी आठाच्या आकाराचे पाच-सहा फेरे, आणि लिहून पाहा. टोकावरचा कठीण धातूचा मणी अगदी लहान असतो, एकदा घासून गेला की निब संपली. निब १४ कॅरेट सोन्याची असेल तर तसं कोरलेलं असतं. नसेल तर पिवळेपणा बहुधा मुलाम्याचा आहे आणि चमकवायला जाल तर तो फडक्यावर येईल.

टप्पा ६: चमक

जितकी कमी तितकी बरी. मऊ सुती कापडाने कोरडं पुसणं बहुतेक पेनांना पुरतं. बॅरलवर कंपनीचं नाव किंवा बारीक नक्षी कोरलेली असेल तर तिच्यावर टेप चिकटवून मगच आजूबाजूला बारीक मायक्रोमेश फिरवा. तपकिरी पडलेलं एबोनाइट काळंभोर करण्याच्या नादात ती अक्षरं घासली जातात, आणि पेनाची ओळख त्या अक्षरांत असते. मला विचाराल तर तपकिरी रंग तसाच राहू द्या.

सावधान: देवाची भांडी घासायची चिंच, लिंबू, पितांबरी, आणि टूथपेस्ट, यांतलं काहीही क्लिपला लावू नका. क्लिपवरचा मुलामा पातळ असतो आणि एकदा गेला की खालचं पितळ उघडं पडतं.

टप्पा ७: पाण्याची परीक्षा, मग शाई

शाईआधी पाणी. पेन डिस्टिल्ड पाण्याने भरा आणि टिश्यू गुंडाळून निब खाली करून पेल्यात रात्रभर ठेवा. टिश्यू निबेपाशी किंचित ओला होणं चालतं. सेक्शन आणि बॅरलच्या जोडाशी ओल असेल तर गळती आहे.

ड्रॉपर पेनात ही गळती आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला की थांबते. नळाला गुंडाळायची पांढरी टेप वापरू नका, तिच्या जाडीने बॅरलचं तोंड आतून ताणलं जातं आणि चिरू शकतं. मेणबत्तीचं मेण उन्हाळ्यात मऊ होऊन जिभेपर्यंत पोचतं, तेही टाळा.

शाई साधी, फाउंटन पेनासाठीची, निळी. कॅमल, ब्रिल, सुलेखा, कुठलीही चालेल. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई चुकूनही नको, ती वाळली की जीभ कायमची बुजते. लाल आणि जांभळ्या शाईने सॅकवर आणि सेल्युलॉइडवर डाग राहतात, म्हणून जुन्या पेनात त्या टाळलेल्या बऱ्या.

ड्रॉपर पेनातली शाई एक तृतीयांशाखाली गेली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबेतून थेंब ढकलते. मे महिन्यात हे हमखास होतं. शाई अर्ध्यावर आली की भरून घ्या, खिशात ठेवताना निब वर राहू द्या, आणि दुपारी बाहेरून आल्यावर टोपण काढण्याआधी पेन उभंच धरून घटकाभर निवू द्या.

पहिल्या दोन भरण्यांनंतर पेन पाण्याने धुवा, कारण कोपऱ्यात राहिलेली जुनी शाई तेव्हाच सुटते. पुढे महिन्यातून एकदा पुरे. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लिहायचं नसेल तर पेन रिकामं करून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, निब टिश्यूवर टेकवून दोन दिवस वाळवा. मग सुती कापडात गुंडाळून भिंतीतल्या किंवा लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. पत्र्याचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर त्यात नको. सेल्युलॉइडची आणि एबोनाइटची पेनं एका डबीत ठेवू नका, एबोनाइटमधल्या गंधकाने सेल्युलॉइडचा रंग काळवंडतो.